पितळ नाही, पायराइटच आहे

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी की आम्ही पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं खनिज, म्हणून मशीनवर कापलेलं पितळ विकलं. दर शुक्रवारी दुधा-पाण्याचा अभिषेक करून, लाल कपड्यात गुंडाळून तुम्ही ते तिजोरीत ठेवलंत. पावसाळ्यात त्यावर पांढरी भुकटी आली, गंधकासारखा वास सुटला आणि पुठ्ठ्याची डबी करपल्यासारखी झाली. हौसेने घेतलेली वस्तू अशी झाली की वाईट वाटतंच. पण फसवणुकीचा आरोप मला मान्य नाही.

पितळ काळवंडतं, हिरवट पडतं. त्यावर अशी भुकटी येत नाही. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दमट हवा लागत राहिली की त्यातून लोहाचं सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. डबी करपली ती या आम्लाने. बिहारमधल्या अमझोरच्या शेल खडकातलं पायराइट याच आम्लाच्या उद्योगासाठी खणलं जात होतं.

खात्री घरीच करता येईल. कपाच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर कोपरा घासा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, पितळेची पिवळी. चाकूच्या टोकाने पितळेवर सहज ओरखडा उठतो, पायराइटवर नाही, कारण त्याची कठीणता ६ ते ६.५ आहे.

आकाराबद्दलचा संशय मी समजू शकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खरंच वाटत नाही! स्पेनमधल्या नाव्हाहून गावाजवळ मार्ल नावाच्या मऊ, चुनखडीयुक्त गाळाच्या खडकात पायराइटचे हे घन, म्हणजे चौकोनी ठोकळे, असेच, सरळ कडांचे वाढलेले सापडतात. त्यांना कुणी कापत नाही, पॉलिश करत नाही. खडकातून सुटलेला घन पुन्हा चिकटवलेला असेल तर आम्ही लेबलवर तसं लिहितो. तुमच्या लेबलवरही लिहिलं आहे.

या खाणीतले घन तसे टिकाऊ असतात, पण रत्नागिरीच्या पावसाळ्यात ओल्या कपड्यात गुंडाळलेलं पायराइट टिकणं कठीण. सोबतच्या कार्डावर ‘पाण्यापासून दूर ठेवा’ असं छापलेलं आहे. पूजा जरूर करा, अक्षता वाहा, कोरडं फूल वाहा. पाणी, दूध मात्र नको. आणि धनलाभ होईल असं सांगून आम्ही कोणताही दगड विकत नाही.

आता हातमोजे आणि मास्क घालून मऊ, कोरड्या ब्रशने भुकटी झाडा. धुऊ नका. वरून वॉर्निश किंवा नेलपॉलिश लावू नका, आत राहिलेली ओल काम करतच राहते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. तिजोरीतल्या चांदीपासून आणि कागदपत्रांपासून तो डबा लांब असू द्या.

हे नको वाटत असेल तर तुकडा आमच्याकडे पाठवा, कुरिअरचा खर्च आमचा. तुमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर रेघ काढून दाखवतो. ती पिवळी निघाली तर पूर्ण पैसे परत. काळी निघाली तर तुकडा साफ करून, कोरड्या डब्यात बंद करून, काहीही शुल्क न घेता परत पाठवू.