पुढे निसर्गरम्य स्थळ आहे, दवाखाना मात्र तुमचा तुम्ही शोधा

घाटरस्त्यावर दर दोन वळणांनी एक पाटी उभी असते. पुढे धबधबा, पुढे सूर्यास्त पाहण्याची जागा, पुढे छायाचित्रासाठी थांबा, शिवाय त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही ठळक आकड्यांत. ज्यांना एवढे सगळे सुचते, त्यांना ‘छातीत दुखू लागल्यास ईसीजीची सोय इतक्या किलोमीटरवर’ अशी एक पाटी लावणे आजवर का सुचलेले नाही, हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतो आहे, आणि ‘अहो, फिरायला गेल्यावर असला विचार कोण करतो’ हे उत्तर ऐकून माझे डोके अधिकच तापते आहे.

माझ्या थोरल्या भावाला भर प्रवासात छातीच्या मधोमध दाबल्यासारखे होऊ लागले. काच खाली होती, गार वारा आत येत होता, आणि तरीही त्याच्या सदऱ्याची कॉलर घामाने ओली झाली होती. कळ जबड्याकडे सरकते आहे, असे तो म्हणाला. त्या क्षणापासून आमच्या गाडीचे रूपांतर वैद्यकीय मंडळात झाले. मागच्या आसनावरून ‘गॅस आहे’ असा निकाल आला. मेहुण्यांनी ‘जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी ठेवून बघा, बरे वाटले तर हृदयाचे समजायचे, नाही तर पित्ताचे’ अशी चाचणी सुचवली. एकाने तर पुढच्या पॉइंटपर्यंत जाऊन, जरा मोकळी हवा घेऊन मग ठरवू, असा प्रस्ताव मांडला, कारण तिथला संध्याकाळचा प्रकाश चुकला असता.

या सगळ्या पंडितांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. छातीतली कळ हृदयाची आहे की अन्ननलिकेची, हे गाडीत बसलेल्या कोणालाही ठरवता येत नाही. डॉक्टरलासुद्धा ते नुसते बघून ठरवता येत नाही. जिभेखालच्या त्या गोळीने अन्ननलिकेचे आकुंचनही सैल पडू शकते, त्यामुळे बरे वाटण्या-न वाटण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती गोळी घात करू शकते. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यापैकी काहींना तर झटका आला तरी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते, घाम फुटतो. म्हणूनच रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. ईसीजीत रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचा झटका दिसला आणि ती फुग्याने उघडण्याची अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्याजोगी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असेही तेच शास्त्र सांगते. एकीकडे मिनिटांचा हा हिशेब, आणि दुसरीकडे आमच्या गाडीत संध्याकाळच्या प्रकाशाची चर्चा!

गाडी वळवून आम्ही मोबाइलच्या नकाशावर ‘रुग्णालय’ शोधले. पहिले नाव दातांच्या दवाखान्याचे निघाले, दुसरे जनावरांच्या. तिसऱ्या ठिकाणी गेलो तर दाराला कुलूप होते आणि शेजारी वेळ लिहिली होती, ‘सकाळी १० ते दुपारी १’. हृदयाने झटका द्यायचा तो या वेळेत द्यावा, अशी अपेक्षा असावी. नकाशावर मात्र हे ठिकाण ‘सध्या सुरू आहे’ असे हिरव्या अक्षरांत झळकत होते. याच रस्त्यावरच्या प्रत्येक धबधब्याला शेकडो लोकांनी तारे दिले आहेत, पाणी कोणत्या महिन्यात जास्त असते तेही लिहून ठेवले आहे. पण बंद असलेल्या दवाखान्याची वेळ दुरुस्त करण्याचे कष्ट एकालाही घ्यावेसे वाटले नाहीत.

मधल्या काळात वहिनीने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. रेंज दोनदा गेली. तातडीचा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो, पण त्या दरीत कोणाचेच जाळे नव्हते, त्यामुळे हे ज्ञान निरुपयोगी होते. फोन लागला तेव्हा पलीकडून अगदी रास्त प्रश्न आला, ‘नेमके कुठे आहात?’ आता एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, हे वर्णन त्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाला लागू पडते. किलोमीटरचा दगड याच कामासाठी असतो. तो सापडला, पण त्याच्यावर कोणीतरी खोल्या भाड्याने देण्याची जाहिरात चिकटवली होती. वहिनी ती नखांनी खरवडत बसली आणि आकड्यातला पहिला अंक तेवढा दिसला.

त्यात पॉइंटपाशी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या! आम्ही हॉर्न वाजवतो आहोत, काच खाली करून ‘आजारी माणूस आहे’ असे ओरडतो आहोत, आणि रस्त्याच्या मधोमध तिवई लावलेले एक गृहस्थ आम्हाला तळहात दाखवून थांबायला सांगत आहेत, कारण त्यांचा ड्रोन खाली उतरायचा होता. तो ड्रोन उतरेपर्यंत आम्ही खरोखरच थांबलो, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्या गृहस्थांच्या चित्रफितीत आमच्या गाडीचे छप्पर नक्की दिसत असेल.

पुढे एका लहान आरोग्य केंद्रात एक परिचारिका भेटली. तिथे ईसीजीचे यंत्र होते, पण त्याची कागदाची गुंडाळी संपली होती. त्या बाईंना मी दोष देणार नाही, कारण दिवसभरात आमच्याशी शहाणपणाने बोललेली ती पहिली व्यक्ती होती. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव आहे का, हे विचारून त्यांनी दादाला ॲस्पिरिन चावायला दिली, त्याला चालू न देता चाकाच्या खुर्चीतून गाडीपर्यंत नेले आणि कोणत्या रुग्णालयात रात्रंदिवस सोय आहे, ते कागदावर लिहून दिले. आम्हाला सुरुवातीपासून हवी होती ती माहिती एवढीच होती, एका चिठ्ठीवर मावणारी.

त्या रुग्णालयात ईसीजी झाला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली, आणि हृदयाचे काही नाही, अन्ननलिकेच्या आकुंचनाची कळ असावी, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण मंडळींचा विजयोत्सव तिथल्या बाकावरच सुरू झाला. ‘आम्ही म्हणत नव्हतो? गॅसच होता! उगाच सगळी सहल वाया घालवलीत.’ एका नातेवाइकांनी तर दादालाच ऐकवले की थोडे सोसले असते तर सूर्यास्त मिळाला असता. यावर काय बोलावे? नाणे फेकून छापा आला, म्हणून छापाच येणार हे आपल्याला ठाऊक होते असे मानणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. पहिला ईसीजी व्यवस्थित आला तरी झटका नाही असे म्हणता येत नाही, म्हणूनच रक्ताची ती तपासणी दोनदा करतात, हे मी समजावू पाहिले. तोवर मंडळी चहा कुठे मिळेल याची चौकशी करत होती, आणि ती माहिती त्यांना लगेच मिळाली.

आता याच मंडळींची पुढची सहल ठरते आहे. सगळ्यांनी मिळून भरायच्या यादीत कुठे किती वाजता ऊन कसे असेल, इथपर्यंत तपशील आहे. मी फोन करून चौकशी केली आणि त्या वाटेवरच्या, रात्री ईसीजी निघतो अशा दोन रुग्णालयांची नावे अंतरासह यादीत लिहिली. दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब होती. विचारले तर उत्तर आले, ‘अशुभ कशाला बोलायचे, मजा जाते.’ मी ती ओळ पुन्हा लिहिली आहे, या वेळी सगळ्यात वर, आणि ती राहणार नसेल तर गाडी माझी मिळणार नाही, हेही खाली लिहून ठेवले आहे.