कसला डोंबलाचा रिव्हर व्ह्यू?

कुठली नदी विकताय, बिल्डरांनो, ते तरी सांगा! पुण्यात मुंढवा, केशवनगर, खराडी, नदीकाठी फ्लॅट बघायला जिकडे जावं तिकडे तेच. सेल्स ऑफिसात गारेगार एसी, काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल आणि त्याच्या पायथ्याशी निळीशार मुळा-मुठा. निळीशार! मी रोज मुंढव्याच्या पुलावरून जातो, नाकाला रुमाल लावून. उन्हाळा जवळ आला की जलपर्णी इतकी माजते की पाणीच दिसत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात डासांच्या वावटळी उठल्या होत्या, देशभर व्हिडिओ फिरले. त्या डासांचाही चार्ज लावला असता यांनी. सांडपाणी शुद्ध करायला ११ प्रकल्पांची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, २०२२ ची मुदत केव्हाच उलटली. पण गॅलरीतून नदी दिसते म्हणून स्क्वेअर फुटामागे वेगळे पैसे मात्र आजच द्यायचे.

वर फ्लोअर राइज, म्हणजे उंच मजल्याचे जादा पैसे, शिवाय पार्किंग, क्लबहाऊस. मग जीएसटी ५ टक्के, मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के. बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो. सासूबाई म्हणाल्या, तेवढ्यात पडदे होतील!

सरकारच्या लेखी परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं, त्याला जीएसटी एकच टक्का. ही मर्यादा २०१९ सालची. मी ४५ चा आकडा काढला तर सेल्सचा पोरगा कीव आल्यासारखा हसला. "सर, वाघोलीच्या पुढे ट्राय करा."

अरे, माझे वडील हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होते. शिफ्ट सुटली की सायकलवर वीस मिनिटांत घरी. आता कारखाने उठतात, जमिनी रहिवासी होतात, तिथे टॉवर चढतात आणि त्याच कामगारांच्या पोरांनी वाघोलीच्या पुढून रोज ट्रॅफिकमध्ये सडत यायचं. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहे, म्हाडाच्या लॉटरीतून मिळतात. चांगला नियम. पण आमचा पगार त्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही आणि टॉवरच्या हप्त्यालाही पुरत नाही. मधल्यांनी राहायचं कुठे, पुलाखाली?

निळी पूररेषा प्लॉटच्या कुठून जाते, एवढं साधं विचारलं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा, नदीकाठी घर विकणाऱ्याला तोंडपाठ हवी. पोरगा मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर ब्रोशरकडे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, त्याची आठवण दिली, तर म्हणतो, "सर, ते सिंहगड रोडला झालं." अरे शहाण्या, मुठेचं तेच पाणी पुढे मुळेच्या संगमावरून तुझ्याच दारात येतं ना!

टोकन दिलं नाही. तेव्हापासून रोज नव्या नंबरवरून फोन. काल एक बाई म्हणाल्या, "रिव्हर फेसिंगची शेवटची दोनच युनिट उरलीत." मी विचारलं, वास येतो त्याचं डिस्काउंट किती? फोन कट.