स्वेतलानोवचं ‘उसनं’ संगीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. रशियन कंडक्टर (ऑर्केस्ट्राचा संचालक) आणि संगीतकार येवगेनी स्वेतलानोववरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. त्याच्या स्वतःच्या रचना म्हणजे पाणी घातलेला रखमानिनोव, म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीतल्या त्या रशियन संगीतकाराची पातळ नक्कल. आणि हाताशी सरकारी ऑर्केस्ट्रा होता म्हणूनच त्या वाजल्या.

दुसरा आधी घेतो, कारण तो तारखांपुढे टिकत नाही. ‘दाउगावा’ हे सिंफनिक काव्य (एखादा विषय स्वरांत रंगवणारी ऑर्केस्ट्राची रचना) १९५२चं, बी मायनर सिंफनी १९५६ची. सोव्हिएत संघाचा राज्य सिंफनी ऑर्केस्ट्रा त्याच्याकडे आला १९६५ साली आणि २०००पर्यंत राहिला. या पस्तीस वर्षांत त्याने आपलं संगीत वाजवलं, रेकॉर्डही केलं, हे खरंच. पण त्याच माणसाने म्यास्कोव्स्की या सोव्हिएत संगीतकाराच्या सत्तावीसच्या सत्तावीस सिंफनी रेकॉर्ड केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा खुद्द रशियातही क्वचितच वाजतात. खुर्चीचा फायदा असा दुसऱ्यांना वाटत बसणारा माणूस मला तरी आपमतलबी वाटत नाही.

आता रखमानिनोव. साम्य आहेच, बहिऱ्यालाही ऐकू येईल इतकं. पण ‘पाणी घातलेला’ म्हणताना तुम्ही एक धागा सोडलात. रचनेतले त्याचे गुरू दोन, मिखाइल ग्नेसिन आणि युरी शापोरिन. ग्नेसिन थेट पीटर्सबर्गच्या संगीतकार रिम्स्की-कॉर्साकोवचा शिष्य. शापोरिन ज्या श्टाइनबर्गकडे शिकला, तो रिम्स्कीचा शिष्य आणि वर जावईही. म्हणजे शिक्षण पीटर्सबर्गच्या वळणाचं आणि मन मॉस्कोच्या रखमानिनोवकडे ओढलेलं. वाद्यांचे रंग कुठून आले आणि लांबच लांब उसासणाऱ्या चाली कुठून आल्या, हे वेगवेगळं ऐकून बघा.

इथे आपल्या घराण्यांचा दाखला द्यायचा मोह होतो, पण तो लागू पडत नाही. मैफलीत गुरूची जागा घेतली तरी गाणं त्या क्षणी नव्याने घडतं. इथे सगळं कागदावर लिहिलेलं, उसनवारी लपायला जागाच नाही.

याच पहिल्या आक्षेपाला जोडून, ‘१९७५ साली असं लिहिणं म्हणजे काळाकडे पाठ’, असं तुम्ही म्हणता. बरं, त्या काळाकडेच पाहू. फेब्रुवारी १९७४मध्ये गॉर्की शहरात कंडक्टर रोझ्देस्त्वेन्स्कीने श्निट्के या प्रयोगशील संगीतकाराची पहिली सिंफनी सादर केली. तिच्यात वादक वाजवत वाजवत मंचावर येतात, आणि जॅझपासून बेथोव्हनपर्यंत सगळं एकमेकांवर आदळतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लेखक-दिग्दर्शक वासिली शुक्शिन गेला, आणि २४ तारखेला ॲम्स्टरडॅममध्ये व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राख. पुढच्या वर्षी स्वेतलानोवने शुक्शिनच्या स्मरणार्थ, त्याच्याच चित्रपटाच्या नावाचं, ‘कालिना क्रास्नाया’ लिहिलं आणि ऑइस्त्राखसाठी व्हायोलिन-ऑर्केस्ट्राचं ‘पोएम’. आसपास काय चाललंय याचा पत्ता नसायला तो काही खेड्यातला ऑर्गनवादक नव्हता. जुनी भाषा त्याने जाणूनबुजून घेतली. आणि गेलेल्या व्हायोलिनवादकासाठी लिहिताना त्याच्याच हातात शोभली असती अशी चाल लिहिण्यात मला तरी काही गैर दिसत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती तुमच्यापेक्षा कमी कडक नाही. कंडक्टरला कुठे काय ‘लागू’ पडतं हे फार नीट माहीत असतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कळस बांधून झालेले. हॉर्न कुठे चढवायचे, तंतुवाद्यं कुठे रोखायची, सगळं अंगवळणी पडलेलं. लिहायला बसलं की हात आपोआप त्या हमखास जागी जातो. स्वेतलानोवच्या मोठ्या रचनांत त्यामुळे कळस वारंवार येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याला त्यांची किंमत उतरते. गंमत अशी, की व्यासपीठावरचा स्वेतलानोव याच्या अगदी उलट. स्टँडला लावलेला छोटा पंखा गरगरतोय आणि हा हात खाली सोडून ऑर्केस्ट्राला नुसतं वाजू देतोय, अशा चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतीलच. तो विश्वास त्याच्या लेखणीत कमी पडतो. आणि ‘कंडक्टर होता, म्हणून असं झालं’ ही सबबही मी देणार नाही. रखमानिनोवसुद्धा १९०४ ते १९०६ मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात कंडक्टरच होता.

तेव्हा सिंफनीपासून सुरुवात करून वैतागू नका, आधी ‘पोएम’ ऐका. १९७६च्या पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत) तुम्हाला रखमानिनोवच दिसला, त्यावर मात्र मी भांडणार नाही. पियानो कॉन्चेर्टोसाठी सी मायनरच, म्हणजे रखमानिनोवच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचीच स्वरपट्टी, निवडल्यावर तुलना त्याने स्वतःच ओढवून घेतली.