जे सहज जमतं तेच मोजायचं राहून जातं

कुणालाही विचारून बघा, "तुला काय काय येतं?" समोरचा आधी जरा अडखळतो. मग शिक्षण सांगतो, नोकरीतलं पद सांगतो, केलेला एखादा कोर्स सांगतो. ज्यासाठी कष्ट पडले आणि ज्याचा कागद हातात आला, तेवढंच. कुणी न शिकवता, वर्षानुवर्षं करून करून अंगवळणी पडलेलं काही त्या यादीत येतच नाही. माझं ठाम मत आहे की माणसाजवळचा मोठा ऐवज बहुतेक वेळा या यादीबाहेर राहिलेल्या भागातच असतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. घरातल्या आजारी माणसाचं त्यांनी बरीच वर्षं केलं. कोणतं औषध कधी दिलं, कशानंतर काय झालं, याची तारीखवार वही ठेवली. डॉक्टरांसमोर बसल्यावर गांगरून न जाता नेमकं काय विचारायचं, हे त्यांना येतं. घरी सोडताना कागदांत काय राहून गेलंय ते त्यांना एका नजरेत दिसतं. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला कधी दमात घेऊन झोपायला पाठवायचं, हेही त्या ओळखतात. आज ओळखीत कुणाच्या घरी असा प्रसंग आला की पहिला फोन त्यांना जातो. आणि "तुम्ही काय करता?" असं विचारलं की त्या म्हणतात, "काही नाही, घरीच असते." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कारण त्या विनयाने तसं म्हणत नाहीत, त्यांना खरोखरच तसं वाटतं.

असं का होतं? १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्म्या वेळा तरी गाणं ओळखलं जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते, हे त्याच्या लक्षातच येत नाही. हा प्रयोग सहसा शिकवणाऱ्यांना सावध करण्यासाठी सांगतात. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याला येणारी गोष्ट सगळ्यांना येतच असणार असं धरून चाललं, की तिला काही किंमत आहे हे मनातही येत नाही.

आणि हे फक्त कौशल्याचंच नाही. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की नजर एका बिंदूवर खिळवून ठेवली, तर कडेच्या न हलणाऱ्या गोष्टी हळूहळू दिसेनाशा होतात. वस्तू जागच्या जागी असते, डोळाही धड असतो, तरी ती नाहीशी होते. जे बदलत नाही त्याची दखल घेणं आपल्या इंद्रियांकडून कमी कमी होत जातं. रोज सोबत असलेली माणसं, हातातला मोकळा तास, चालतं-फिरतं शरीर यांचं आपल्या मनात काहीसं असंच होतं, असं मला वाटतं. त्यामुळे "डोळे उघडून बघ" हा सल्ला मला फारसा कामाचा वाटत नाही. डोळे उघडेच असतात. दुसऱ्याच्या नजरेची गरज असते.

याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे स्पेन्सर सिल्व्हर. ३एम कंपनीतले हे रसायनशास्त्रज्ञ १९६८ मध्ये खूप घट्ट चिकटणारा गोंद बनवायच्या खटपटीत होते. हाती आला तो भलताच: हलकेच चिकटणारा आणि सहज निघणारा. ठरवलेल्या कामासाठी निरुपयोगी. पण त्यांनी तो टाकून दिला नाही. कंपनीत पुढची काही वर्षं ते भेटेल त्याला तो दाखवत राहिले. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय चर्चमध्ये समूहगान करायचे आणि गीतपुस्तकात खुणेला ठेवलेले कागदाचे कपटे सारखे गळून पडतात म्हणून वैतागायचे. १९७४ मध्ये त्यांना तो गोंद आठवला. पुढे १९८० मध्ये 'पोस्ट-इट' नावाच्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या. गोंद सिल्व्हर यांच्याजवळ होता, पण त्याचा उपयोग फ्राय यांच्या अडचणीत दडलेला होता. एकट्याने खोलीत बसून सिल्व्हर यांनी कितीही विचार केला असता, तरी तो त्यांना सापडला असता का, याची मला शंका आहे.

म्हणूनच आपल्या जवळचा सगळ्यात दुर्लक्षित ठेवा मला जुन्या ओळखींत दिसतो. भांडण नाही, दुरावा नाही, फक्त बोलणं राहून गेलेली माणसं. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच माणसांबद्दल होता. त्यांनी काही अधिकाऱ्यांना सांगितलं, हातात असलेल्या कामाबद्दल अशा जुन्या ओळखीच्या व्यक्तींशी बोला. त्यांच्याकडून मिळालेला सल्ला खूपच उपयोगी निघाला, आणि त्यात नवेपणाही होता. कारण सरळ आहे. मधल्या काळात ती माणसं वेगळ्या वाटेने गेलेली असतात, वेगळं बघून आलेली असतात, आणि जुना विश्वास मात्र शिल्लक असतो.

"पण इतक्या वर्षांनी कामासाठी फोन कसा करायचा?" हा संकोच मला समजतो. तरीही तो आपण फुगवून ठेवलेला असतो. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की लोक आपल्याला मदत करतील का, याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी असतो. विचारायला संकोच वाटतो तसाच समोरच्याला नकार द्यायलाही संकोच वाटतो, ही गोष्ट आपण हिशेबात धरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावर बोलताना लोक पटकन तिकडे घसरतात. "आहे त्यात समाधान मान" असं मी म्हणत नाहीये. अन्यायाने कमी पगार मिळणाऱ्याला, घरात छळ सोसणाऱ्याला "तुझ्याकडे किती आहे ते बघ" असं सांगणं मला क्रूर वाटतं. माझं म्हणणं त्याच्या अगदी उलट आहे. आपल्याजवळ काय आहे हे नीट कळलं तरच माणूस जास्त मागू शकतो, आपल्या कामाचा मोबदला ठरवू शकतो, नको ती जागा सोडून जाऊ शकतो. ज्याला स्वतःजवळचं काही दिसतच नाही, तो मिळेल त्यावर भागवत राहतो.

करायचं काय, तर माझ्या मते एकच गोष्ट मनापासून करावी. आपल्याला बरीच वर्षं ओळखणाऱ्या आणि उगाच गोड न बोलणाऱ्या दोन-तीन माणसांना विचारावं, "कुठल्या अडचणीत तू सगळ्यात आधी मला फोन करशील?" "माझ्यात चांगलं काय आहे?" असं मात्र विचारू नये. त्याला उत्तर म्हणून स्वभावाचं कौतुक मिळतं, आणि कौतुकाचं पुढे काही करता येत नाही. अडचणीबद्दल विचारलं की उत्तर कामाचं येतं: "पैशाचा गुंता झाला तर", "मुलगा ऐकेनासा झाला तर", "कुणाशी तरी कठीण बोलायचं असेल तर". उत्तर ऐकून "ह्यात काय विशेष?" असं तोंडून निघालं, तर तिथेच थांबावं आणि पुढचा प्रश्न विचारावा: "मी ते नेमकं कसं करतो, मला सांगशील?" मग तो सांगेल ते मधे न बोलता लिहून घ्यावं.