डब्यात कोण कोण

ट्रेकची सॅक मी एकटा भरतो. प्रथमोपचाराचा डबा मात्र अख्खं घर भरतं, आणि प्रत्येक जण त्यात आपापली भीती आणून टाकतो.

बेत होता नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाचा. बेलपाड्यातून निघायचं आणि घळीतल्या धोंड्यांवरून उड्या मारत वर, गडाच्या कोकणकड्यापर्यंत सरकायचं. म्हणजे पाय मुरगळायची सोय भरपूर. म्हणून चार इंची क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, पॅरासिटामॉल, ॲलर्जीवरची सेट्रिझिन आणि ओआरएस घेतलं. (एका मोठ्या पुडीला एक लिटर पाणी. अर्ध्या बाटलीत ओतून 'स्ट्राँग' करणारे वीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात.) श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळं मावलं. झाकणसुद्धा लागलं.

तेवढ्यात आई आली. कैलास जीवन, ओवा, हिंगाष्टक, हळदीची पुडी. पुडी सुटली आणि गॉज हळदीला बसलं.

"कोकणकड्यावर मधमाश्या असतात म्हणे," बायको म्हणाली. मी ऐटीत सेट्रिझिन दाखवली. तिने पट्टी दिव्याखाली धरली. "अहो, ही दिवाळीतच संपली!" आमच्याकडे औषधांची मुदत कायम रात्री अकराला, केमिस्टचं शटर पडल्यावरच संपते.

मग बाबा. हातात नवं ब्लेड आणि सुतळी. "साप चावला तर चीर द्यायची, वर करकचून बांधायचं."

"बाबा, आता तसं करत नाहीत. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बांधायचं नाही. हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इंजेक्शन."

"मग डब्यात काय ठेवायचं?"

"काही नाही. १०८ला फोन."

सापासारख्या सापावर डब्यात काहीच नाही, हे बाबांना अपमानास्पद वाटलं. नळीत रेंज नसते, हे मी मुद्दाम बोललो नाही. ब्लेड परत गेलं; सुतळी राहिली.

प्रत्यक्षात कुणाला काही झालं नाही. अर्ध्या नळीत एका मित्राच्या बुटाचा सोल तेवढा जबडा उघडून बसला. क्रेप बँडेज गुंडाळलं, चिकटपट्टी मारली, वरून बाबांची सुतळी आवळली. बूट कोकणकड्यापर्यंत पोचला. ओवा आम्ही जेवणानंतर वाटून खाल्ला.

वर रेंज आली तसा घरी फोन लावला. "बाबा, तुमची सुतळी कामाला आली!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबांचा उत्साही आवाज, "नाग की घोणस?"