‘रेझिस्टंट जंतू दुबळा असतो, इंजेक्शन नाकारा’ म्हणे!

‘कल्चर रिपोर्टमध्ये R दिसला तर घाबरू नका. औषधाला न जुमानणारा जंतू दुबळा झालेला असतो, शरीर त्याला आपोआप मारतं. मोठं इंजेक्शन नाकारा, सही करा, पेशंट घरी न्या.’ वर ‘एका नामांकित डॉक्टरांकडून’ असं लिहिलेलं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. सध्या हा मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. (कल्चर म्हणजे रक्त-लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून केलेली तपासणी; R म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा.) मेसेजमध्ये एकूण पाच मुद्दे आहेत.

आमच्या काकूंनी तो वाचला आणि काकांना मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक लावायला आलेल्या सिस्टरना थांबवलं. काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, लघवीची नळी अजून होती, थंडी वाजून ताप भरलेला, बीपी उतरत चाललेलं आणि रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून फोन माझ्याकडे आला. काकूंशी वाद घालून घसा बसला तेव्हा कुठे इंजेक्शन सुरू झालं. त्यामुळे सौम्य शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

पहिला मुद्दा : ‘अँटिबायोटिक घेऊन घेऊन शरीराला सवय लागते, तोच रेझिस्टन्स.’

साफ चूक. रेझिस्टन्स जंतूत असतो, माणसात नाही. जंतूकडे औषध तोडणारं एन्झाइम असतं, औषध बाहेर फेकणारा पंप असतो, किंवा औषध जिथे चिकटतं ती जागाच त्याने बदललेली असते. शरीराच्या सवयीचा प्रश्न असता तर नवजात बाळांना हा त्रास व्हायलाच नको होता. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला. संसर्गाचे जवळपास दोन तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांतले होते. सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर या रुग्णालयी जंतूंपैकी 82 टक्के आणि क्लेबसिएलापैकी 54 टक्के जंतू अनेक औषधांना दाद न देणारे. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या शरीराला कसली सवय लागणार? जंतू आला तोच रेझिस्टंट होऊन.

दुसरा मुद्दा, ज्याने काकूंना घाबरवलं : ‘रेझिस्टंट जंतू दुबळा, म्हणून इंजेक्शन नको.’

या थापेत खऱ्याचा एक कण आहे, म्हणून ती पचते. औषधापासून वाचण्याची किंमत जंतूला कधी कधी मोजावी लागते, हे बरोबर. कोलिस्टिन हे आपल्याकडचं अगदी शेवटच्या फळीतलं औषध. त्यापासून सुटण्यासाठी ॲसिनेटोबॅक्टरच्या काही जाती बाहेरच्या आवरणातला एक महत्त्वाचा घटकच टाकून देतात आणि खरोखर कमकुवत होतात. हे मान्य. पण ही किंमत प्रत्येक वेळी पडतेच असं नाही, आणि पडली तरी पुढच्या पिढ्यांत आणखी एखादा बदल होऊन जंतू ती भरून काढतो.

शिवाय दुबळा म्हणजे कुणाच्या तुलनेत? ॲसिनेटोबॅक्टर धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडवत नाही. पण आयसीयूतल्या माणसाच्या घशात व्हेंटिलेटरची नळी, मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी, मूत्राशयात कॅथेटर. शरीराचे दरवाजे आपणच उघडून ठेवलेले असतात. आत शिरायला जंतू पैलवान असावा लागत नाही. नळीच्या आतल्या बाजूला त्याने चिकट थर धरला की औषधही तिथे धड पोचत नाही. त्यात योग्य औषध उशिरा सापडलं तर तो ‘दुबळा’ जंतूच माणूस नेतो.

आता मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट. औषधाला दाद न देणं वेगळं आणि जहाल असणं, म्हणजे गंभीर आजार घडवण्याची ताकद असणं, वेगळं. दोन्हींची जनुकं वेगळी, आणि क्लेबसिएलात ती बरेचदा वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूंना एकमेकांना देता येणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात. जहाल क्लेबसिएलाची पहिली ओळख 1980च्या दशकात तैवानमध्ये झाली. हिंडत्या-फिरत्या माणसांच्या यकृतात गळू व्हायचं आणि तिथून जंतू कधी डोळ्यात, कधी मेंदूत जायचा. लॅबमध्ये या जंतूची कॉलनी, म्हणजे बशीत वाढलेला पुंजका, लूप नावाच्या कडीने हळूच वर उचलली की पक्क्या पाकासारखी तार निघते. ती 5 मिलिमीटरहून लांब गेली की आम्ही सावध होतो. चाचणी ढोबळच आहे, नुसत्या तारेवर निदान करत नाहीत. पण पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

दिलासा एवढाच होता की हा जहाल क्लेबसिएला बहुतेक औषधांना बळी पडायचा, आणि औषधांना न जुमानणारा रुग्णालयातला क्लेबसिएला इतका जहाल नसायचा. मेसेजमधला कण बहुधा इथूनच उचललेला आहे. पण ती वाटणी मोडून बरीच वर्षं झाली. 2016मध्ये चीनमधल्या हांगचौ शहरात, झेजियांग विद्यापीठाच्या दुसऱ्या संलग्न रुग्णालयाच्या नव्या शाखेत, आयसीयूतल्या पाच रुग्णांना क्लेबसिएलाचा न्यूमोनिया झाला. पाचही जण मोठ्या अपघातानंतर ऑपरेशन झालेले, व्हेंटिलेटरवर असलेले. जंतू कार्बापेनेम गटाला, म्हणजे मेरोपेनेमच्या घराण्याला, दाद देत नव्हता. पाचही जण गेले. जनुकीय तपासणीत दिसलं की ST11 नावाच्या, चीनच्या रुग्णालयांत आधीपासून ठाण मांडून बसलेल्या रेझिस्टंट वंशाने जहालपणाचं प्लाझ्मिडही मिळवलं होतं. माणसाच्या पांढऱ्या पेशींच्या तावडीतूनही तो जास्त चांगला निभावून जात होता. मेसेज म्हणतो ‘शरीर आपोआप मारतं’. ते मारण्याचं काम याच पेशींचं. ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये हा अहवाल आला. तो एकटा वाचला तरी मेसेजचा दुसरा मुद्दा निकालात निघतो.

आणि हे चीनपुरतं नाही. रेझिस्टन्स आणि जहालपणा एकाच प्लाझ्मिडवर वाहणारे क्लेबसिएला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी आपल्याकडच्या रुग्णांत नोंदवलेत. जुलै 2024मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जहाल क्लेबसिएलाबद्दल देशोदेशी विचारणा करून इशारा दिला. 16 देशांनी तो आढळल्याचं कळवलं होतं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या पदरात टाकते, नाइलाजाने. कल्चरमध्ये जंतू आला म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. कॅथेटर काही दिवस राहिलं की लघवीत जंतू दिसणारच. ताप नाही, इतर त्रास नाही, तर बहुतेक रुग्णांत नुसत्या त्या रिपोर्टवर औषध देऊ नये, हे डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ‘हा संसर्ग आहे की जंतू नुसता वस्तीला आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना बेलाशक विचारा. पण रक्तात जंतू, अंगात ताप, उतरतं बीपी, अशा वेळी सही करून पेशंट घरी नेणं म्हणजे आत्मघात.

तिसरा मुद्दा : ‘NDM-1 वगैरे काही नाही, भारताला बदनाम करायचा पाश्चात्त्यांचा डाव.’

NDM-1 म्हणजे ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, कार्बापेनेम औषधं तोडणारं जंतूचं एन्झाइम. नावाबद्दलचा राग मला समजतो. एका एन्झाइमला आपल्या राजधानीचं नाव लावायची गरज नव्हती. पण जंतू खोटा? ऑगस्ट 2010मध्ये NDM-1वरच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या गाजलेल्या निबंधावरून गदारोळ झाला, त्याच्या काही महिने आधीच मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं : कार्बापेनेमला न जुमानणारे 24 जंतू तपासले, 22मध्ये NDM-1. आता माहीमलाही पाश्चात्त्य म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

चौथा मुद्दा : ‘कोर्स पूर्ण करा हे कंपन्यांचं खूळ.’

अर्धं खरं. जुने लांबलचक कोर्स बऱ्याच आजारांत अनावश्यक ठरलेत. रक्तातल्या जंतुसंसर्गावर 7 दिवस आणि 14 दिवस औषध देऊन केलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 7 दिवसांचा गट कुठेच मागे पडला नाही. पण किती दिवस, हे आजार बघून डॉक्टर ठरवतात. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी पाकीट फ्रिजवर ठेवून देणं आणि पुढच्या सर्दीला तेच उघडणं याला संशोधन म्हणत नाहीत. टीबीच्या औषधांना तर हे अजिबात लागू नाही.

पाचवा मुद्दा कापराचा. ‘वॉर्डात कॉटजवळ कापूर जाळा, सगळे जंतू मरतात.’ मरत नाहीत. आणि भिंतीतून ऑक्सिजनची लाइन आलेली असताना तिथे ज्योत पेटवायची? रुग्णालयात आग लागली की काय होतं हे 2021 या एकाच वर्षात भंडाऱ्याने आणि अहमदनगरने बघितलंय.

हे जंतू एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जातात ते मुख्यतः हातांवरून. डॉक्टरांच्या, सिस्टरच्या, मावशींच्या आणि भेटायला येणाऱ्या आपल्याही. ॲसिनेटोबॅक्टर तर कॉटच्या कठड्यावर कोरडा पडूनही आठवडेच्या आठवडे तग धरतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने 1847मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतंच. कॉटच्या पायथ्याशी हॅण्डरबची बाटली टांगलेली असते. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावून झाल्यावर ती वापरा. शेजारच्या कॉटवर बसू नका. इंजेक्शन द्यायला कुणी थेट दुसऱ्या पेशंटकडून आलं तर ‘सिस्टर, हात’ एवढं म्हणायला लाजू नका.

आणि राउंडला डॉक्टर आले की रोज विचारा : ही लघवीची नळी अजून हवीय का? काकांची नळी काकूंनी असं विचारल्यावर त्याच दिवशी निघाली.