फीबीची ‘उलटी’ कक्षा

शनीच्या फीबी या उपग्रहाला मी वाचलेल्या एका लेखात ‘वक्री’ म्हटले आहे, तो शब्द मला इथे खटकला. ग्रह वक्री होतो तो केवळ पृथ्वीवरून पाहणाऱ्याला तो उलटा चालल्याचा भास होतो म्हणून. फीबी मात्र शनीच्या परिवलनाच्या विरुद्ध दिशेने खरोखरच शनीभोवती फिरतो, आणि सरासरी सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटर अंतरावरून एक फेरी पूर्ण करायला त्याला जवळपास ५५० दिवस लागतात. शनीभोवतीच्याच वायू-धुळीच्या तबकडीत जन्मलेल्या उपग्रहाची कक्षा अशी कलती आणि उलटी असणे कठीण, म्हणूनच तो बाहेरून येऊन शनीच्या गुरुत्वाकर्षणात अडकला असावा, असे मानले जाते.

लेखात त्याला ‘खडक’ म्हटले आहे, तेही अपुरे वाटते. जून २००४ मध्ये कॅसिनी यान त्याच्यापासून साधारण २,००० किलोमीटरवरून गेले, तेव्हा काळपट थराखाली, विवरांच्या उतारांवर, उजळ बर्फ उघडा पडलेला दिसला. जेमतेम २१३ किलोमीटर व्यासाच्या या गोळ्यात पाण्याचा बर्फ बराच आहे.

त्याच्यावरून उडालेल्या धुळीचे एक विशाल, अतिशय विरळ कडे शनीभोवती आहे. ते २००९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला अवरक्त प्रकाशात सापडले. तीच धूळ आत सरकत जाऊन आयापेटस या उपग्रहाच्या पुढच्या अर्ध्या भागावर साचते, आणि त्याचा एक अर्धा भाग काळपट आणि दुसरा उजळ का, हे कोडे बरेचसे इथेच उलगडते. लेखात याचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले.